भावबापू

जालन्यात एखाद्या गॅरेजसमोर जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, की पाच मिनिटांच्या आत भावबापू तिथे असतात. कोणी बोलावलेलं नसतं. एरवी डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून बँकेत दोनदोनदा टोकन नंबर विचारणाऱ्या या माणसाला चौफुलीपलीकडचं बॉनेट कसं ऐकू जातं, कोण जाणे.

पांढरा शर्ट, खिशात शिसपेन्सिल, खांद्यावर दस्ती आणि पायजम्याच्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं वाटोळं लोहचुंबक. एवढ्या भांडवलावर बापू पस्तीस वर्षं गाड्यांचे भाव सांगताहेत. स्वतः त्यांनी एकही गाडी घेतलेली नाही, विकलेली नाही. त्यांना चालवता येते का, यावर चौफुलीत दोन तट आहेत. वडील बैलबाजारात दलाल होते, दस्तीखाली बोटं धरून सौदे जुळवायचे. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला ही बैलाची भाषा बापूंच्या तोंडात तशीच राहिली, फक्त बैल गेले. अजूनही ते गाडीच्या मागे कधी उभे राहत नाहीत. लाथ मारील म्हणून असावं.

माझ्या भाच्याची गाडी त्यांना दाखवायची वेळ आली ती गेल्या उन्हाळ्यात. गाडी म्हणजे 1993 ची कॉन्टेसा. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, हिंदुस्तान मोटर्सने तो इकडे आणला आणि 1984 च्या सुमारास गाडी रस्त्यावर आली. अंग पैलवानाचं आणि आत इंजिन ॲम्बेसिडरचंच, 1489 सीसीचं. चढावर पैलवान धापा टाकू लागला, तेव्हा मग इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आलं. 2002 मध्ये सगळंच बंद पडलं. एके काळी ही शेठ लोकांची गाडी. आता ती पोरांची झालीय, आणि पोरांनी तिला 'इंडियाची मसल कार' करून टाकलंय.

"मसल म्हंजी?" बापूंनी विचारलं.

"दंड, बापू," भाचा म्हणाला आणि शर्टाची बाही वर केली.

"दंड व्हय. त्यो तर आरटीओ करंल."

खरं तर भाच्याचं गणितही जरा कच्चंच आहे. अमेरिकेत 1964 साली जी पाँटियाक जीटीओ निघाली, तिच्यात 6.4 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. म्हणजे इसुझूवाल्या साडेतीन कॉन्टेसा जोडल्या तर एक जीटीओ होते. आणि भाच्याच्या गाडीत तर तो इसुझूही उरलेला नव्हता. 'ॲव्हरेज मिळत नाही' म्हणून त्याने बोलेरोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. भर चौकात एवढी लांबलचक गाडी ट्रॅक्टरसारखी थरथरत उभी राहायची आणि आरशातलं जग दुहेरी दिसायचं.

बापू कामाला लागले. चुंबक दस्तीत गुंडाळलं, म्हणजे रंगावर ओरखडा नको. डाव्या दारावर लावलं, चिकटलं. छपरावर चिकटलं. मागच्या मडगार्डवर लावलं आणि ते सावकाश घसरत खाली आलं. बापूंनी ते परत लावलं. परत घसरलं.

"हितलं लोखंड रजेवर गेलंय," ते म्हणाले. "इतकी लांबी भरलीय पोरा, की गाडीची रुंदी वाढली."

मग डिझेलचा बोळा फिरवून चासीचा पत्रा पुसला, त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासत नेली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. बापू कुंडली पाहावी तसा तो कागद उजेडात धरून बघत राहिले. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवलं, पांढरा फेस नाही ना ते पाहिलं आणि बोट भाच्याच्याच पांढऱ्या सीटकव्हरला पुसलं. कागद बघितले: बुकात पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. "बुक एकाचं, धूर दुसऱ्याचा," एवढंच म्हणाले.

भाच्याने आपलं अस्त्र काढलं. व्हिंटेज! 2021 च्या नियमांत जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी, वेगळी नंबरप्लेट मिळते. बापूंना हा नियम तोंडपाठ. गाडी 50 वर्षांची व्हायला पाहिजे, म्हणजे 2043 साल. आणि इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार केलेला नसावा. "तवा मी येईन बघायला. पन तुझ्या गाडीला तवाबी न्हाई म्हनतील."

आता भाच्याने वही उघडली. त्यात पहिल्या दिवसापासूनचा खर्च होता. गाडी 70,000, पुढे रुंद टायर, अलॉय, दोन थराचा काळा रंग, स्टिअरिंग, स्पीकर, ग्राइंडरने कापून केलेलं सनरूफ. बेरीज 5,42,000. मिस्त्रीचा चहासुद्धा त्यात धरलेला.

"वही इकायची का गाडी?" बापूंनी विचारलं.

जालन्याच्या माणसाची किंमत लावायची रीत बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडे सळईच्या रोलिंग मिल आहेत, भट्ट्या आहेत. भंगाराचा आजचा भाव इथे शाळकरी पोरही सांगतं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो. मोसंबीची बाग उक्ती घेणारा व्यापारी बांधावरून एक फेरी मारून टन सांगतो. अशा गावात 'मनाची किंमत' म्हणून काही सांगितलं तर लोक डॉक्टरचा पत्ता देतात. म्हणून बापूंचा हिशेब नेहमी खालून सुरू होतो. बारा क्विंटल धर. काच, रबर, गादी आणि लांबी वजा, राहिलं नऊ. 30 रुपये किलोने 27,000. "ही भुई. हिच्याखाली कोनी जाऊ शकत न्हाई. आता वर चढ."

पण वर चढताना प्रत्येक पायरीला बापू पाय मागेच घेत होते. अलॉय? शौक तुझा, पैसे तो का देईल? सनरूफ? पावसाळ्यात पाण्याची सोय, 20,000 वजा. इंजिन? पासिंगला अडेल, 40,000 वजा. कुणी रंगाचं नाव काढलं की ते नुसते चुंबक दाखवत.

"आन् इसुझूचं इंजिन कुठी गेलं?"

"मिस्त्रीनं मजुरीत वळतं केलं."

"मूळचे बंपर? चकचकीत व्हते ते?"

"भंगारात दिले बापू. आठ किलो भरले."

बापू टायरवर बसले. पस्तीस वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. ज्याचे पैसे मिळाले असते ते सगळं याने किलोवर घातलं होतं, आणि ज्याला किलोचाच भाव होता त्याची वही लिहिली होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "1,60,000. त्येबी मी हाय म्हनून."

एवढ्यात परतूरकडचा एक मंडपवाला आला. त्याने बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही, चालू करायलाही नाही. आत शिरला, सनरूफमधून छातीपर्यंत वर आला, दोन्ही हात पसरून चारी दिशांना नमस्कार केला आणि म्हणाला, "नवरदेव बसतो. 1,90,000 देतो."

मला वाटलं, आता बापू ओशाळतील. त्यांनी दस्ती झटकली. "ह्या लग्नसराईत तिथी किती?" मंडपवाल्याने सांगितल्या. बापूंनी बोटांच्या पेरांवर मोजल्या. "मग पोरा, दोनाच्या खाली देऊ नको. कापल्याल्या छपराला भाव निराळाच असतो."

भाच्याने पाच बेचाळीसच्या खाली यायला नकार दिला. मंडपवाला चहा पिऊन गेला.

परत येताना भाचा काही बोलत नव्हता. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एका बांधकामावर नवीन सळई उतरत होती. बापूंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, एका सळईवर बोटाने टक टक केलं आणि भाच्याला हाक मारली.

"ये, बघ. तुझा बंपर यातच कुठीतरी आसंल."

मग सवयीने वॉचमनकडे वळून त्यांनी विचारलं, "काय भावानं घेतली?"