ॲव्हरेज विचारायचं नाही

"ते कोपऱ्यावरचं धूड विकायला काढलंय म्हणे," कढीपत्ता खुडता खुडता काकूंनी भिंतीपलीकडून बातमी टाकली.

धूड म्हणजे कोपऱ्यावरच्या साहेबांची काळी, सात माणसांची डिझेल गाडी. कंपनीचं नाव कशाला घ्या. आमची चेन्नईतल्या पेरुंगुडीची ही गल्ली एवढीशी, त्यात ती उभी असली की पाण्याच्या टँकरला उलटं यावं लागतं. गेले कित्येक महिने ती करड्या कव्हराखाली आहे. समोरच्या मामींची सकाळची कोलमची रांगोळी हल्ली तिच्या पुढच्या चाकाला वळसा घालून जाते.

"कोण म्हणालं?"

"इस्त्रीवाला. त्याला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. त्या ड्रायव्हरला तरी काय काम उरलंय गं? येतो, कव्हर काढतो, दहा मिनिटं इंजिन घुरघुरवतो, बंद करतो, चहा पितो नि जातो. नाहीतर बॅटरी उतरते. साहेब जातात बायकोच्या स्कूटीवर. परवा पाहिलं मी. हेल्मेट गुलाबी!"

हसू दाबायला मी उगीचच दोरीवरचा टॉवेल झटकला.

काकूंचा गाड्यांतला अधिकार मोठा. काका सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, नाशिकचा तो स्कॉर्पिओचा कारखाना. २००२ साली पहिल्या स्कॉर्पिओ बाहेर पडल्या तेव्हा काकांनी घरी पेढे आणले होते, हे मी निदान महिन्यातून एकदा ऐकते. आता मुलाच्या आयटीपायी दोघं ओएमआर रस्त्याच्या या टोकाला येऊन पडलेत. काका बोलत नाहीत फारसे. त्यांचं सगळं काकू बोलतात.

"टाकी किती लिटरची असते ठाऊक आहे? ऐंशी! इथं चेन्नईत मार्च २०२४ ला दोन रुपये उतरलं तरी डिझेल ब्याण्णवच्या वरच होतं. म्हणजे टाकी फुल्ल करायची तर सात हजार चारशे. आमच्या दोघांचा किराणा येतो गं तेवढ्यात. आणि मेट्रोच्या खोदकामात गाडी चालते कुठे? सरकते. लिटरला आठ दिले तरी नशीब. सिरुसेरीला ऑफिसात जाऊन यायचं तर चारशेचं तेल."

"त्यांना काय कमी आहे काकू?"

"कमी नाही, पण बोचतं. पूर्वी असल्या गाडीवाल्याला ॲव्हरेज विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो असा बघायचा, जसं काही त्याचा पगारच विचारला. आता आधी तोच सांगतो."

मी म्हटलं, "पण काकू, लोक म्हणतात पेट्रोल महागलं, मोठ्या गाड्यांचे दिवस भरले. मग संध्याकाळी ओएमआरवर पाहावं तर जिकडेतिकडे उंच गाड्याच."

"भरले कुठले! यांनी आकडे वाचून दाखवले मला. २०२४-२५ मध्ये देशात त्रेचाळीस लाख प्रवासी गाड्या खपल्या, त्यातल्या अठ्ठावीस लाख असल्याच, युटिलिटीवाल्या. पण बॉनेट उघडून बघ. पुष्कळशा नुसत्या उंच केलेल्या छोट्या गाड्या. चार मीटरच्या आत लांबी, कारण कर कमी, आणि आत बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन. मिशा मोठ्या, छाती तेवढीच. खरी आटली ती डिझेलवाली. दहा-बारा वर्षांपूर्वी निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेलच्या असायच्या. आता पाचात एक असेल नसेल."

यामागचं कारण मात्र मला स्वतःला आठवत होतं. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं होतं. सांगलीत आमच्या बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या ट्यूब तपासल्या. डिझेल तेव्हा सरकारनं धरून ठेवलेलं, पेट्रोलपेक्षा तीस रुपयांनी स्वस्त. जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं हातच काढून घेतला. आता चेन्नईत दोन्हींत आठ-नऊ रुपयांचा फरक. गाडी विकत घेताना डिझेलला लाखभर जास्त मोजा आणि वाचवायचं काय, तर लिटरमागे आठ रुपये! ट्रॅक्टर-ट्रकसाठी म्हणून स्वस्त ठेवलेलं तेल बंगल्यातल्या गाड्यांनी दहा वर्षं मनसोक्त प्यायलं, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही. मी दाखवते, कारण आमची तेव्हा लूना होती.

"आणि २०२१ आठव," काकूंनी पुढचा डहाळा खाली ओढला. "जुलैत इथं पेट्रोलनं शंभरी गाठली. ऑगस्टच्या बजेटमध्ये तमिळनाडूनं पेट्रोलवर तीन रुपये सोडले, डिझेलवर नाही. ऑक्टोबरात डिझेलही शंभराच्या वर. दिवाळीच्या आदल्या दिवशी दिल्लीनं पाच नि दहा रुपये उतरवले तेव्हा कुठे ह्या साहेबांनी कव्हर काढलं होतं."

"त्याच सुमारास फोर्डही गेली ना? तेलामुळेच?"

"छे! उगाच तेलावर घालू नकोस. इथून तासाभरावर मरैमलै नगर, तिथंच तर त्यांची मोठी एंडेव्हर बनायची. सप्टेंबर २०२१ ला गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, ते दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरांच्या वर तोटा झाला म्हणून. त्यांची छोटी गाडीही गेलीच की. बंद पडलेल्या कारखान्याची बातमी यांनी दोनदा वाचली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आपला कारखाना नव्हे, आपलं गाव नव्हे. पण नाहीत जेवले."

थोडा वेळ नुसता कढीपत्त्याचा वास. मग मी माझं घोडं पुढे दामटलं. माझी नणंद अमेरिकेत, मिशिगनला. २००८ च्या उन्हाळ्यात तिकडे गॅलनला चार डॉलर झाले आणि मोठ्या गाड्या दुकानदारांच्या अंगणात उभ्याच राहिल्या. जनरल मोटर्सनं जूनमध्ये ट्रक-एसयूव्हीचे चार कारखाने बंद करायचं ठरवलं. हमर विकायला काढली, चिनी गिऱ्हाईकाशी बोलणी फिसकटली आणि २०१० मध्ये ती बंदच झाली. नणंदेनं तेव्हा फोनवर आनंदानं सांगितलं होतं, सुटलो बाई एकदाचे. दहा-बारा वर्षांत तीच हमर परत आली, बॅटरीवर. वजन चार टनांच्या वर!

"म्हणजे उपास धरला नि परातभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली," काकू म्हणाल्या.

"आपल्याकडे तेच चाललंय की. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्रानं बॅटरीच्या दोन गाड्या दाखवल्या त्या इथं चेन्नईतच."

"ते नको काढू. बनतात आपल्या चाकणला, संशोधन केंद्र इथं चेंगलपट्टूजवळ, म्हणून मुलगा कौतुकानं यांना शोरूमला घेऊन गेला. यांनी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत सामान ठेवायची पेटी! त्या पोराला विचारतात, इंजिन कुठंय? तो म्हणतो, नाहीच सर. आले ते गप्प. रात्री मला म्हणाले, अगं, मग आम्ही आयुष्यभर काय केलं?"

काकूंचा आवाज जरा जड झाला, पण बातमी अर्धवट सोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

"आणि सरकारचं तर विचारूच नकोस. २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या गाडीवरचा कर पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आणला. पेट्रोल-डिझेल मात्र अजून जीएसटीच्या बाहेर. गाडी स्वस्त, तिचं पिणं महाग. घ्या आणि कव्हर घाला."

"तुमच्याकडे नाशिकला होती का हो कुणाकडे मोठी गाडी?"

हा प्रश्न विचारायला नको होता, कारण पुढचा पाऊण तास सिन्नरचा भाऊ. पण त्यातच खरं होतं असं मला वाटतं. भावाकडे टाटा सुमो. सुमो म्हणजे सुमंत मुळगावकर, टेल्कोच्या अध्यक्षांच्या इंग्रजी नावातली पहिली अक्षरं, हे काकूंनी मला चौथ्यांदा सांगितलं. १९९४ ला आली, २०१९ ला बंद झाली. भाऊ कांद्याचा व्यापारी. बाजाराच्या दिवशी गाडी वडापला, लग्नसराईत वऱ्हाडाला, एरवी घरच्यांना. मागे समोरासमोर बाकं, मध्ये पोती, मांडीवर पोरं.

"बारा माणसांच्या खाली सुमो हललीच नाही कधी. बारांत तेल वाटलं की डोक्याला काय पडतं? एसटीपेक्षा स्वस्त. आणि हे आमचे साहेब! सात सीट, दोन टन लोखंड, आत एक माणूस नि एक डबा. डब्यात दहीभात. पाव किलो दहीभात सिरुसेरीला पोचवायला चारशे रुपये!"

"मग घेतली तरी कशाला?"

"पाण्यासाठी! २०१५ च्या डिसेंबरात खालच्या मजल्यात कंबरभर पाणी होतं, साहेबांची छोटी गाडी तरंगली. तेव्हा म्हणाले, आता अशी घेतो की पाण्यातून जाईल. त्या एंडेव्हरवाल्यांचं तर ८०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं म्हणणं होतं, अडीच फूट झालं की. साहेबांनीही टेप लावून मोजून घेतली उंची. मग २०२३ ला मिचाँग वादळ आलं. पळ्ळिकरणैची दलदल भरली, पाणी रस्त्यावर. तेव्हा साहेब कुठे होते?"

"कुठे?"

"वेळचेरीच्या पुलावर! गाडी लावायला. २०२४ च्या ऑक्टोबरात रेड अलर्ट आला तेव्हाही सगळ्यांच्या आधी यांचीच गाडी पुलावर, रांगेत पहिली. पाण्यातून जाते म्हणून घेतली नि पाणी चढू लागताच उंचावर नेऊन ठेवली. परत चालत आले, गुडघाभर पाण्यातून."

"मग विकणार कधी?"

"पावसाळा झाला की म्हणतायत. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. दलाल येऊन गेला, त्यानं भाव ऐकवला तो ऐकून साहेबांनी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही."

मला एकदम सुचलं. "काकू, डिसेंबरात सांगलीहून आईबाबा, मावशी, मावशीचे यजमान, सगळे येणार आहेत. सेंट्रल स्टेशनवरून आणायला मागून बघू का गाडी? सामान पण खूप असेल. पापड, लोणची…"

काकूंनी कढीपत्ता ओच्यात घेतला आणि भिंतीला टेकून हिशेब मांडला. "किती जण? सहा? मग माग की. तेवढ्यांत परवडतं. ड्रायव्हरलाही बरं वाटेल. पण आधीच बोलून घे, डिझेल कोण भरणार ते. आणि हे बघ, मागशीलच तर येताना कोयंबेडूच्या बाजारातून नारळ आणायला सांग, आमचे चार."