रस्ता गुळगुळीत, टायर त्याहून गुळगुळीत

नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघणाऱ्या कुटुंबाची तयारी बघण्यासारखी असते. संत्रा बर्फी, चिवडा, आजोबांच्या गोळ्या, फास्टॅगमधले पैसे, पुढे टांगलेली लिंबू-मिरची, सगळं दोनदा तपासून होतं. राहतात ते टायर. त्यांच्याकडे शेवटचं लक्ष गेलेलं असतं दसऱ्याला, हळद-कुंकू वाहताना. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ला आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. कारला इथे ताशी १२०ची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. या वेगात अख्खं बिऱ्हाड रस्त्याला धरून असतं ते प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या भागावर. खड्ड्यांच्या रस्त्यांनी आपल्याला लाडावून ठेवलं आहे. तिथे चाळिशीच्या वर काटा जातच नाही, म्हणून गोटा टायरही खपून जातो. पंक्चर झालंच तर तेवढ्यात चहा होतो. चांगला रस्ता असले लाड करत नाही.

यावर ढाब्यावरचा सिद्धान्त तयार असतो: टायर फुटतात ते काँक्रीटमुळे. सिद्धान्त सोयीचा आहे, कारण रस्ता सरकारचा आणि टायर आपला. पण टायर तापतो तो मुख्यतः आतून. हवा कमी असली की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. १२०च्या वेगाला मिनिटाला हजारभर वेळा. रबर तापतं, आतल्या तारांपासून सुटतं आणि धडाम! विदर्भातला मे महिना त्यात आपली भर घालतो, पण चूल आधीच पेटलेली असते. दुसरा आक्षेप घरातल्या तरुणाचा: रेसिंगच्या गाड्यांना कुठे नक्षी असते? नसते, पण पाऊस आला की त्या खोबणीचे टायर चढवून घेतात. इगतपुरीच्या पावसात आपल्यासाठी कोण जॅक घेऊन उभा आहे? खोबणीच नसली तर पाणी जायचं कुठून? टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक निव्वळ पायाचा व्यायाम ठरतो. तिसरे काका काटकसरी: गाडी पार्किंगमध्येच असते, नक्षी कोरी आहे. काका, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही कडक होतं, तडकतं. दहा वर्षांपुढे टायर वापरू नका, असं बऱ्याच टायर कंपन्याच सांगतात.

टायर महाग आहेत, हा आक्षेप मात्र खरा. चार टायरांच्या बिलाने भल्याभल्यांना घाम फुटतो. पण काटकसरीलाही कायद्याने हद्द घातली आहे: कारला किमान १.६ मिलिमीटर नक्षी. मोजपट्टी नको, खोबणीत अंगठा फिरवा, तळाशी छोटे उंचवटे लागतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तेव्हा निघण्याआधी खाली वाका, टायर थंड असताना हवा भरा, स्टेपनीतही. आणि टायर गोटाच निघाले तर एसटीने जा. तिचे टायर बघायला डेपोत निदान पगारी माणूस असतो.