जावक क्रमांकाचे उपासक

बँक, वीजकंपनी वा वाहतूक पोलीस यांच्या नावाने भ्रमणध्वनीवर येणाऱ्या फसव्या लघुसंदेशांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यांना रीतसर लेखी उत्तर धाडणाऱ्या सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षकांची दखल कोणी घेतलेली नाही. वास्तविक हे गृहस्थ बहुतेक गृहनिर्माण संस्थांत आढळतात. 'मागील बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल' या आशयाचा संदेश २०२२ मध्ये महाराष्ट्रात फिरू लागला, तेव्हा शेजारी पावत्या धुंडाळत असता यांनी कळविले की, 'सदर संदेशावर पदनाम, स्वाक्षरी व जावक क्रमांक नसल्याने तो विचारात घेता येत नाही.' जावक क्रमांक म्हणजे कार्यालयाबाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदवहीतील अनुक्रमांक, आणि त्यावाचून सृष्टीत काही घडते यावर या गृहस्थांचा विश्वास नाही. उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्र गेले, त्यालाही जावक क्रमांक पडला. लॉटरीवाल्याकडे मंजुरी आदेशाची साक्षांकित प्रत मागण्यात आली. ई-चलनाच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी आणि अशा प्रसंगी ओटीपी चोरणारी फाइल, 'सहपत्र न उघडता परत' या शेऱ्यानिशी, अर्थातच जावक क्रमांकासह, माघारी गेली. उत्तर दिल्याने आपला क्रमांक चालू असल्याचे भामट्यांना कळते, हा जाणकारांचा रास्त इशारा त्यांनी 'नोंद घेतली' म्हणून नस्तीबद्ध केला.

संस्थेच्या सभेत ही नोंदवही मोठ्याने वाचली जाते, तेव्हा सभासदांना चपला आठवतात. तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. भामट्याचे सारे भांडवल समोरच्याची घाई हे असते, आणि घाई या गृहस्थांना उभ्या सेवेत शिवलेली नाही. इमारतीतील आजीबाई लिंक दाबण्याआधी फोन त्यांच्यापुढे धरतात; ते चष्मा शोधतात, आवक नोंदवतात, टिपणी मांडतात, आणि तेवढ्यात भीती ओसरते. ज्या दिरंगाईपायी जनतेने त्यांच्या खात्याला शिव्या घातल्या, तिने कित्येकांची ठेव वाचवली आहे. शिवाय निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तातडीने उत्तर मागतो तो एकटा भामटाच. परदेशातला मुलगा अंगठ्याचे चित्र धाडून मोकळा होतो.

पैसे खरोखरच गेले, तर मात्र हे गृहस्थ टिपणीची वाट न पाहता आधी १९३० हा राष्ट्रीय मदतक्रमांक लावतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोचली तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते.