उसन्या पापण्या

पापण्यांकडून मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. उन्हात मिटाव्यात, भाषणात जड व्हाव्यात, आणि एखादा केस गालावर गळून सापडला तर मुठीच्या पाठीवर ठेवून, मनातलं मागून फुंकर मारावी, एवढाच आमचा व्यवहार. चौथीत असताना मी अशीच एक सायकल मागितली होती. ती मिळाली सातवीत, आणि तीही दादाची जुनी. पापण्यांचा कारभार सरकारी असावा.

म्हणून भाचीच्या साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तिच्याबरोबर पार्लरमध्ये गेले आणि तिथल्या मुलीने "सी की डी?" असं विचारलं, तेव्हा मला शाळेच्या तुकड्याच आठवल्या. ही अक्षरं कृत्रिम पापण्यांच्या बाकाची होती. जे म्हणजे जेमतेम वळलेली, सी म्हणजे मनापासून वळलेली, आणि डी म्हणजे थेट छताकडे बघणारी. 'क्लासिक'मध्ये एका पापणीला एकच कृत्रिम पापणी, 'व्हॉल्यूम'मध्ये एकीवर केसाहून बारीक तंतूंचा अख्खा पंखा. डोळ्याखाली चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर तिने पेनाने ९, १०, ११, १२ असे मिलिमीटर लिहिले, तलाठ्याने बांध आखावेत तसे. सर्वांत लांब पापणी बाहेरच्या कोपऱ्याला आली की मांजरीचा डोळा, मधोमध आली की बाहुलीचा. भाचीने मांजर निवडली. होणाऱ्या जावयाची मला उगाचच काळजी वाटली.

मग दोन तास चाललं ते बघण्यासारखं होतं. डाव्या हातातल्या चिमट्याने शेजारणींना हलकेच बाजूला सारायचं, मधली एकटी उभी राहिली की उजव्या चिमट्याने तिला जोडीदारीण आणायची, तीही कातडीपासून जेमतेम मिलिमीटरभर दूर. याला 'आयसोलेशन' म्हणतात. ते चुकलं आणि दोन खऱ्या पापण्या एकमेकींना चिकटल्या, तर दोघींचा वाढीचा वेग वेगळा असल्याने एकीच्या वाढण्यात दुसरीची ओढाताण होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही. डिंक सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे तुटलेला कपाचा कान चिकटवणाऱ्याच घराण्यातला. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. ज्या पावसाळ्यात आमची चादर चार दिवस दोरीवर रडते, त्याच पावसाळ्यात हा गडी घाईघाईने वाळून बसतो.

भाची डोळे मिटून निजली होती आणि ती मुलगी श्वास आवरून तिच्यावर ओणवी झाली होती. कुणाच्या डोळ्यांत इतक्या जवळून कोण बघतं? डोळ्यात कण गेला की आई पदराच्या टोकाला पीळ द्यायची, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि "वर बघ" म्हणायची. मला तिच्या कपाळावरचं कुंकू तेवढं दिसायचं, एखाद्या सूर्याएवढं.

घरी आलो तर तीच आई, आता नातीसाठी, बोटाच्या टोकावर एरंडेल घेऊन बसलेली. "रात्री लाव गं, पापण्या दाट होतात." तेलाने डिंक सुटतो हे तिला सांगायचं कुणी? भाचीने ते बोट धरलं आणि हळूच स्वतःच्या भुवयांवरून फिरवलं.

तीन आठवड्यांनी चहा पिताना तिच्या गालावर एक केस दिसला. पापणी आपली मुदत संपली की गळतेच, आणि जाताना उसनीलाही घेऊन जाते. तिने तो माझ्या मुठीवर ठेवला. "माग मावशी." मी डोळे मिटले, मागितलं, फुंकलं. जोडीने जड झालेली ती जागची हलली नाही.

"थांब," भाची म्हणाली आणि तिनेही गाल फुगवले.