पहाडगंजात विधिवत आजारी कसे पडावे

दिल्लीत आलेला मराठी माणूस डिसेंबर संपेपर्यंत एकदाही अंथरुणाला खिळला नाही, तर त्याचे कुठेतरी चुकते आहे. अशांसाठी हे मार्गदर्शन.

तयारी पुण्यातच करावी. महाबळेश्वरला पुरलेला स्वेटर दिल्लीलाही पुरेल, यावर घरात एकमत घडवून आणावे. कानटोपी म्हाताऱ्यांची, ती बॅगेच्या तळाशी. धुक्यामुळे झेलम एक्स्प्रेसचा उशीर पहाटेपर्यंत लांबला तर सोन्याहून पिवळे. नवी दिल्ली स्टेशनाच्या पहाडगंजच्या अंगाला डोके उघडे ठेवून उतरावे आणि रिक्षावाल्याशी अर्धा तास घासाघीस करावी.

बृहन्महाराष्ट्र भवनात जागा नसेल, तर मेन बझारच्या गल्लीत खिडकी नसलेली खोली शोधावी. रजाईला आधीच्या चार पाहुण्यांचा वास असतोच. तक्रार करू नये.

मग प्रभातफेरी. समोरची इमारत दिसेनाशी झाली की ‘वा, काय धुकं!’ म्हणत छाती भरून श्वास घ्यावा. थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत दबून बसते, त्यामुळे धूर आणि धूळ वर जात नाही; दुपारी उन्हाने ती जरा मोकळी होते. म्हणून दुपारी घरात बसावे, पहाटे पळावे. हवेचा निर्देशांक 400 च्या वर गेला की सरकारी भाषेत हवा ‘गंभीर’ होते. आपण होऊ नये. तोंडाला रुमाल बांधावा. सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात, पण बांधल्याचे समाधान मिळते. एन-95 मास्क दम्याच्या लोकांनी वापरावा, म्हणजे आपल्याला हसता येते. पुढे चुना मंडीत छोले-भटुरे. पाणी नको, थंडीत तहान लागते कुणाला?

आता निदान. काहीही झाले तरी ‘थंडी बाधली’ एवढेच म्हणावे. नाक गळते, शिंका येतात, ताप नाही किंवा नावापुरता, ती साधी सर्दी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून, अंग ठणकत, 102 तापाने आडवा झाला, तर बहुधा फ्लू. नोव्हेंबरात जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे आणि सर्दीचा पत्ता नाही, तर डेंगीची शंका घ्यायची असते; दिल्लीचा डास दिवाळीला घरी जात नाही. अशा वेळी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण एवढे कोण बघतो? औषधांच्या दुकानात जाऊन ‘भैया, कुछ तेज़ देना’ म्हणावे. तो अँटिबायोटिक देईल. सर्दी-फ्लूच्या विषाणूला त्याने काडीचाही फरक पडत नाही; पोट मात्र बिघडते, म्हणजे आजारात आजार फुकट.

चेष्टा इथपर्यंतच. एक ते पाच वर्षांचे मूल मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते. काढ्यात वेळ घालवू नये. पहाडगंजपासून कलावती सरन बाल रुग्णालय जवळच आहे. म्हाताऱ्यांना आणि मधुमेह्यांना फ्लूची लस थंडी सुरू होण्याआधीच टोचून घ्यावी.

आणि बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात त्याच्या बळींची बातमी असते. रजाई आणखी एक मागून घ्या. हॉटेलवाला कुरकुरेल, पण देईल.