शेठ, भाऊ, साहेब

आडत दुकानदार राजकारणात शिरला, असं म्हणताना आपण त्याच्यावर अन्याय करतो. तो कुठंही शिरलेला नसतो. उदगीर, हिंगोली, वाशिम, कुठल्याही मोंढ्यात जाऊन पाहा. शेठ गादीवर होते तिथंच असतात, दुकान तेवढं मतदारसंघाएवढं झालेलं असतं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला उचल द्यायची, कुणाच्या लेकीच्या लग्नाला कागदाशिवाय रक्कम काढून द्यायची आणि सोयाबीन आलं की पट्टीतून वळती करून घ्यायची, हा त्यांचा जुना धंदा. आता ते गावाला सभामंडप देतात आणि मतदानाच्या दिवशी वळता करून घेतात. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायला कायद्यानं बंदी आली, उघड लिलाव आले; पण सभापती निवडीच्या आदल्या रात्री एखाद्या संचालकाचा हात हातात घेताना शेठच्या खांद्यावरचं उपरणं नेमकं मनगटावर कसं घसरतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं.

यावर कोणी म्हणेल, बाजार समितीच्या 18 संचालकांत अडते-व्यापाऱ्यांचे अवघे 2. मग यांचं वजन येतं कुठून? 1963 च्या कायद्यानं शेतकऱ्यांसाठी 15 जागा ठेवल्या, हे खरं. पण त्या 15 जणांनी उचल कुणाकडून घेतली, हे कायद्यात नसतं. ते लाल कापडी बांधणीच्या वहीत असतं. (शिवाय वहिनीसाहेबांच्या नावचा सातबारा आहेच.) दुसरा आक्षेप भाबडा आहे: व्यापारी माणूस, निदान हिशेब तरी चोख ठेवील. ठेवतोच. पण ओल, माती, काडीकचरा म्हणून क्विंटलमागे कडता धरायची सवय हाताला लागलेली असते, ती सुटत नाही. आश्वासनालाही कडता लागतो. ‘रोज पाणी’ म्हटलं की मतदार मनातल्या मनात वजावट करून ‘चार दिवसांआड’ असं समजतो. त्यामुळे फसवणूक म्हणावी, तर फसलेला माणूस सापडत नाही. उलट पाणी तिसऱ्याच दिवशी आलं तर फटाके वाजतात.

फ्लेक्सवर शेठचे भाऊ झाले, भाऊंचे साहेब. मोंढ्यातला म्हातारा मापाडी मात्र अजून शेठच म्हणतो. साहेबांनाही त्याचा राग येत नाही. गाडीची काच खाली करून, काट्यावरच्या पोत्याकडे हनुवटी करत ते विचारतात, “मामा, किती धरला?”