ग्लिसरीनवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक असतोच. पोरांना घरच्या घरी विज्ञान शिकवणारा, आणि त्यासाठी लागणारी चिमटीसुद्धा निम्म्या किमतीत मिळवीन म्हणणारा. आमचे काका तर निवृत्त. वेळ ते हिशेबात धरतच नाहीत.

बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा, भेटतील. खांद्याला शबनम, तिच्यात रुंद तोंडाच्या बाटलीत ग्लिसरीन. बोरोसिलिकेट काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक जवळपास एकच, 1.47. म्हणून अस्सल नळी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते. साध्या काचेचा 1.52, ती दिसत राहते, आणि ज्योतीवर धरली की तडकते. ज्ञान उत्तमच. पण काका उकिडवे बसतात, नळी बुडवतात, डोळा बारीक करतात आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगतात, ''दिसतेय! साधी आहे. दहा रुपये.'' आणि नाही दिसली तर? ''काहीच दिसत नाहीये, पैसे कशाचे देऊ?''

काका लांबून दिसले की विक्रेते आता काचसामान गोणपाटाखाली सारतात.

एका लग्नात त्यांनी सरबत ढवळायची काचेची कांडी तपासली आणि वधूपित्यासमोर ''अगदीच साधी हो!'' म्हणाले. नवरी शेजारीच उभी होती. ते घर अजून बोलत नाही.

बाकीचा संसारही असाच. ब्युरेटऐवजी सलाइनचा सेट, वर्णपटासाठी जुनी सीडी. सोनाराकडे असतो तसल्या चिमुकल्या काट्याची परीक्षा घ्यायला 2011 च्या मालिकेतला रुपया, कारण तो 3.79 ग्रॅम भरतो. निर्जंतुक करायला काकूंचा कुकर. 15 पौंड दाबाला आत 121 अंश होतात, मुद्दा बिनतोड. आता त्या घरात दोन कुकर आहेत, त्यातला एक कुलपात.

एकदा वैतागून म्हटलं, ''काका, मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटवर सरळ नवं मिळतं. घ्या की एकदाचं!''

''नवं घेतलं तर पोरांच्या हातात देववेल का?'' ते म्हणाले. त्यांच्या कॉलेजात काही फुटलं की ब्रेकेजचे पैसे कापायचे. घरून येणारी मनीऑर्डर तोलूनमापून. म्हणून वर्षभर टायट्रेशन जोडीदाराने केलं, आणि यांनी शेजारी उभं राहून सुंदर अक्षरात आकडे लिहिले. प्रॅक्टिकलला चांगले मार्क पडले म्हणे.

यावर काय बोलणार? लेकीला दर रविवारी त्यांच्याकडे पाठवायला लागलो, झालं.

तिने त्यांचा गोल बुडाचा मोठा चंबू फोडला. तो बाटलीत मावेना आणि काकू पातेलं देईनात, त्यामुळे त्याची जात तेवढी तपासायची राहून गेली होती. पोर रडायच्या बेतात. काकांनी खाली वाकून एक तुकडा उचलला, ग्लिसरीनमध्ये सोडला, डोळा बारीक केला आणि टाळी वाजवली.

''गायब! बघ, अस्सल होता!''

''होता,'' केरसुणी घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या.